कुत्र्याचा कान: आधी हुंगावा, मग पुसावा

धाराशिव जिल्ह्याला कुत्रा नवा नाही. वस्तीवर, खळ्यावर, शेळ्यांच्या कळपामागे तो असतोच. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला मानणाऱ्या घरांत त्याला मानही आहे. नवा आहे तो दिवाणखान्यातला, कुरळ्या केसांचा कुत्रा. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने घेतलेला आणि पुढे घरमालकाने हरकत घेतली म्हणून उमरग्याला किंवा कळंबला आई-वडिलांकडे आलेला. त्याच्याबरोबर पट्टा येतो, खाद्याचे पाकीट येते, लसीकरणाची वही येते. कानांचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

या कुत्र्यांत बरेचदा पूडलचे रक्त असते. पूडल हा मुळात पाण्यात उतरून टिपलेली बदके काढून आणणारा युरोपातला कुत्रा. त्याचे केस फारसे गळत नाहीत, वाढत राहतात. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉन्रन यांनी हवाईतील एका अंध महिलेसाठी लॅब्रेडोर आणि पूडल यांचा संकर केला. तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती, म्हणून न गळणारे केस हवे होते. या संकराचे पुढे जगभर जे पेव फुटले, त्याबद्दल कॉन्रन यांनीच नंतर उघड खंत व्यक्त केली. ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. त्यामुळे ‘ॲलर्जी न होणारा कुत्रा’ ही विकणाऱ्याची भाषा झाली.

या संकरात पूडलकडून कानाच्या नळीत वाढणारे केस येतात आणि लॅब्रेडोरकडून किंवा कॉकर स्पॅनियलकडून लोंबता कान. दोन्ही एकत्र आले की कानाला वारा लागत नाही. आपल्याकडच्या कारवान कुत्र्याचा कानही खाली पडलेला असतो, पण तो पातळ आणि आखूड केसांचा. पळताना तो उडतो, वाळतो.

माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि जवळपास सरळ असते. कुत्र्याची नळी लांब असते. आधी खाली उतरते, मग आत वळते. पाइपलाइनला एल्बो बसवावा तशी. पडदा त्या वळणापलीकडे असतो, म्हणून बाहेरून कितीही डोकावले तरी दिसत नाही. निरोगी कानातली त्वचा आतून बाहेर सरकत असते आणि मळाला हळूहळू बाहेर आणते. माणसाच्या कानातही हेच चालते. काडी घालून कोरले की हा मळ उलटा वळणाच्या आत ठासला जातो.

म्हणूनच चांगल्या कानाला रोज साफसफाई लागत नाही. त्याला पाहावे लागते. आठवड्यातून एकदा कानाची पाळी उलटावी, उजेडात रंग पाहावा आणि नाक जवळ नेऊन हुंगावे. फिकट गुलाबी त्वचा, किंचित पिवळसर मळ आणि नावापुरता वास, एवढे असेल तर पाळी खाली सोडून द्यावी. हा नेम धनगराला सांगावा लागत नाही. उस्मानाबादी शेळीच्या लोंबत्या कानाखाली गोचीड आहे का, हे तो येताजाता चाचपतो.

जिल्ह्याची कोरडी हवा कानाच्या फायद्याची आहे. गडबड होते ती पावसाळ्यात आणि आंघोळीच्या दिवशी. ओल राहिली की त्वचेवर एरवी गुमान राहणारी मॅलासेझिया ही बुरशी वाढते. तपकिरी, तेलकट मळ आणि आंबूस वास ही तिची खूण. जिवाणूंची भर पडली की पू आणि घाण वास. लहान पिलाच्या कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा चुरा दिसला तर कानातल्या सूक्ष्म माइट किड्यांचा संशय घ्यावा. पावसाळा सरता माळावरचे गवत वाळले की कुसळांची भर पडते. कुसळ पुढेच सरकते, मागे येत नाही; फिरून आलेला कुत्रा एकाएकी एकच कान झटकू लागला तर तेच गेले असण्याची शक्यता मोठी. आणि कान पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर मूळ बहुधा कानात नसून त्वचेच्या ॲलर्जीत असते. नुसती साफसफाई करून ते जात नाही.

घरोघरी यावर उपाय मात्र तयार असतात. कोमट तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, पाण्यात टाकलेले जंतुनाशक. कानात अळ्या पडल्या तर फिनेल किंवा रॉकेल. तेलाने ओल कोंडते. स्पिरिटने सोललेली त्वचा पेटते. घरातल्या काही जंतुनाशकांत असणारे क्लोरहेक्सिडीन फाटलेल्या पडद्यातून आत गेले तर ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. माणसाच्या कानाच्या शस्त्रक्रियेतही डॉक्टर ते आत जाऊ देत नाहीत. कपाटातले माणसाचे जुने ड्रॉप्सही तसेच. जेंटामायसिन, निओमायसिन ही औषधे पडदा शाबूत असेल तरच सुरक्षित, आणि पडदा शाबूत आहे की नाही हे घरी कळत नाही. फिनेल आणि रॉकेलबद्दल तर बोलायलाच नको.

पशुवैद्यकाने कान पाहून साफ करायला सांगितले असेल, तर कुत्र्याच्या कानासाठीच मिळणारे द्रावण घ्यावे. बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करावी. गार द्रावण कानात गेले की चक्कर येते आणि कुत्रा पुढच्या वेळी बाटली पाहूनच पळतो. पाळी वर धरून, टोक आत न खुपसता, नळी भरेपर्यंत द्रावण सोडावे. मग कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट हलके चोळावे; आत पचपच आवाज आला पाहिजे. हात सोडला की कुत्रा डोके झटकेल. झटकू द्यावे, कारण वळणाआडचा मळ त्यानेच वर येतो. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढाच टिपावा. कानकाडी घरात असली तरी या कामाला नाही. नळीतले केस उपटण्याची पार्लरमधली पद्धत निरोगी कानाला नको. उपटल्या जागी सूज येते. पाळीच्या आतले आणि तोंडाशी आलेले केस बेताने कातरले तरी हवा खेळते. आंघोळीनंतर कान कोरडा टिपला की निम्मे काम झाले.

काही कान घरी उघडूच नयेत. हात लावताच कुत्रा कळवळतो, डोके एका बाजूला झुकवतो, तोल जाऊन गोल फिरतो, पू किंवा रक्त येते, किंवा झटकून झटकून पाळीत रक्त साकळते आणि ती पुरीसारखी फुगते, तेव्हा द्रावणही घालू नये. धाराशिवला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तालुक्याला दवाखाने आहेत, अवघड दुखण्यासाठी शेजारी उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाई-म्हशींच्या रांगेत कुरळ्या केसांचा कुत्रा घेऊन उभे राहायला काहींना संकोच वाटतो. वाटू नये.

दुखरा कान जबरदस्तीने धरला की घरातला गरीब कुत्राही चावतो. ‘आपलाच आहे, सुया दिल्यात’ म्हणून ही जखम हळद-चुना लावून घरीच ठेवली जाते, आणि खरा धोका इथे आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जखम ताबडतोब साबणाने, वाहत्या नळाखाली १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. कुत्र्याची लसीकरणाची वही बरोबर न्यावी, पण तिच्या भरवशावर लस टाळू नये. कुत्र्याला १० दिवस नजरेखाली ठेवावे. या काळात तो आजारी पडला, वागणे बदलले किंवा मेला तर डॉक्टरांना लगेच सांगावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. शून्य म्हणजे पहिल्या सुईचा दिवस. डॉक्टरांनी थांबा म्हटल्याशिवाय यातला एकही चुकवू नये. २८ व्या दिवसाची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावी.