टपाली मतदान : गडचिरोलीतील कर्मचाऱ्याचे मत कोठे पडते?

चंद्रपूर (प्रतिनिधी) : अहेरी, सिरोंचा भागातील दुर्गम केंद्रांवर मतदान पथके मतदानाच्या बऱ्याच आधी रवाना होतात, काहींना हेलिकॉप्टरने न्यावे लागते. इतरांचे मत नोंदविण्यासाठी जंगलात जाणाऱ्या या कर्मचाऱ्यांचे स्वतःचे मत वाया जाऊ नये, यासाठी १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत टपाली मतदानाची तरतूद आहे. नियम केंद्राचे असले, तरी त्यांची आखणी जिल्हा निवडणूक अधिकारी आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनाच करावी लागते.

ब्रह्मपुरीचा मतदार असलेल्या शिक्षकाची अहेरीत नेमणूक झाली, असे समजा. ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात असली, तरी लोकसभेसाठी दोन्ही क्षेत्रे गडचिरोली-चिमूर मतदारसंघातच येतात. त्यामुळे नमुना १२ अ भरून तो निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळवू शकतो आणि नेमणुकीच्या केंद्रावरच मत देऊ शकतो. विधानसभेला मात्र मतदारसंघ बदलतो. तेव्हा नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागावी लागते. २०२३ मधील दुरुस्तीनंतर अशी मतपत्रिका घरी नेता येत नाही. सुविधा केंद्रातच मत नोंदवावे लागते. म्हणूनच प्रशिक्षणाचे वेळापत्रक आखताना या केंद्रांचेही नियोजन अपरिहार्य ठरते.

घरून मतदानाची सोय ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना व किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना आहे. वयाची अट पूर्वी ८० होती. ती मार्च २०२४ मध्ये वाढविण्यात आली. अधिसूचनेपासून पाच दिवसांत नमुना १२ ड द्यावा लागतो. अर्ज मंजूर झाला, की त्या मतदाराला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक पूर्वसूचना देऊन घरी येते, मतदानाचे चित्रीकरण होते. पहिल्या भेटीत मतदार न भेटल्यास आणखी एकदाच फेरी होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अवघ्या दोन वृद्ध मतदारांसाठी पथकाने अहेरीहून सिरोंचापर्यंत १०७ किलोमीटरचा प्रवास केला होता.

मतमोजणीत टपाली मते प्रथम हाती घेतली जातात. मोजणी सुरू होण्याच्या वेळेनंतर आलेले पाकीट उघडले जात नाही. नमुना १३ अ मधील घोषणापत्र नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, अथवा त्यातील क्रमांक मतपत्रिकेच्या पाकिटाशी जुळत नसेल, तर मतपत्रिकेचे पाकीट न उघडताच मत बाद होते. त्यामुळे शिक्का कोठे मारला, याइतकेच सही कोठे केली, यालाही येथे महत्त्व आहे.