मळणी अर्ध्यावर असतां यंत्र थांबलें तर

गेल्या फाल्गुनांत होटगी स्टेशनापासून थोड्या अंतरावरील एका खळ्यावर घडलेला प्रकार आम्ही आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडीत आहों. कोणास इजा झाली नाहीं, म्हणूनच तो शांतपणें सांगतां येतो.

रान आमचें, परंतु शेजाऱ्यानें तें वांट्यानें केलेलें असल्यामुळें रास मोजतेवेळीं आम्हांस हजर राहावें लागतें. ज्वारी मालदांडी. ती उपटून, कणसें मोडून चार दिवस खळ्यावर वाळत घातलीं होतीं. ट्रॅक्टरवर चालणारें मळणी यंत्र, ज्यास पुष्कळ ठिकाणीं हडंबा म्हणतात, पोत्यामागें ठराविक भाडें ठरवून आणिलें होतें. दुपारपर्यंत काम सुरळीत चाललें. तीनच्या सुमारास दक्षिणेकडून आभाळ भरून आलें व वारा पडला. भिजलेली ज्वारी काळी पडते आणि काळ्या ज्वारीस बाजारांत भाव मिळत नाहीं, हें सांगावयास नको. सर्वांनाच घाई झाली. ढिगाच्या तळचीं कणसें जमिनीची ओल धरून दमट राहिलीं होतीं. तींहि वरच्या वाळल्या कणसांप्रमाणेंच कवेंत भरभरून यंत्राच्या तोंडांत जाऊं लागलीं. आंतील ढोल गुदमरला, पट्टे जागच्या जागीं घसरूं लागले, जळक्या रबराचा वास सुटला आणि यंत्र थांबलें. ट्रॅक्टर मात्र चालूच होता.

कणसें लोटणारा गडी विशी-बाविशीचा होता. त्यानें क्षणभरहि विचार न करितां पत्र्यावर चढून उजवा पाय यंत्राच्या तोंडांत घातला व अडकलेला बोळा टांचेनें आंत दाबूं लागला. शेजाऱ्याची आई कडब्याच्या पेंढ्या बांधीत बसली होती. ती तेथूनच ओरडली, "आरं लेकरा, आधी पाय भाईर काढ!" गड्यानें दचकून पाय काढिला. तोंवर बोळा सैल झाला होता. पट्ट्यांनीं पुन्हां पकड घेतली, ढोल दोन-तीन फेरे गरकन् फिरला आणि एक पट्टा तुटून बाजूस पडला. गडी खालीं उतरला व कोणाशीं कांहीं न बोलतां तांब्याभर पाणी प्याला.

शेजाऱ्यानें ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढिली व कनवटीस लावली. ही गोष्ट पहिल्या क्षणींच व्हावयास पाहिजे होती, आणि ती करविणें आमचेंहि काम होतें. आम्ही वहींत पोतीं मांडीत बसलों होतों.

चालत्या यंत्राचें भय लहान मुलासहि वाटतें. थांबलेल्या यंत्राचें भय कोणासच वाटत नाहीं, आणि हात जातात ते बहुधा याच वेळीं. थांबलेलें यंत्र आणि बंद केलेलें यंत्र या दोन भिन्न वस्तु आहेत. पहिल्यांत शक्ति कोंडलेली असते. अडथळा निघाला कीं ती मोकळी होते, आणि अडथळा काढणाऱ्याचा हात किंवा पाय त्या वेळीं तेथेंच असतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागील दांडा, ज्यास पीटीओ म्हणतात, त्याची ठरीव गति मिनिटास ५४० फेऱ्यांची, म्हणजे एका सेकंदास नऊ फेरे. पदर, उपरण्याचें टोंक किंवा सैल बाही त्यांत सांपडली तर "थांबव" हा शब्द पुरा उच्चारला जाण्यापूर्वीं व्हावयाचें तें होऊन जातें. दांड्यावरील आवरण फुटलें म्हणून तारेनें बांधून ठेवलेलें, अथवा अजीबात काढून टाकलेलें, आम्हीं अनेक खळ्यांवर पाहिलें आहे.

उत्तरेकडे गव्हाच्या मळणींत पुष्कळांचे हात जाऊं लागले, तेव्हां १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. यंत्रांत माल लोटण्याची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब असावी व त्यांपैकीं ४५० मिलिमीटर भाग वरून झांकलेला असावा, असें भारतीय मानक सांगतें. यांतील हिशेब उघड आहे: पन्हळ माणसाच्या हातापेक्षां लांब असली म्हणजे बोटें ढोलापर्यंत पोंचत नाहींत. परंतु झांकण असलें कीं कवेनें माल लोटतां येत नाहीं, म्हणून तें काढून ठेवितात. आमच्या खळ्यावर आलेल्या यंत्राचें झांकणहि मालकाच्या घरीं राहिलें होतें. भाडें ठरवितांना आम्हीं दर विचारला, पोतीं किती निघतील हें विचारलें. झांकण विचारलें नाहीं.

किल्ली हातांत आल्यावरहि घाई करूं नये. ढोल जड असतो. ट्रॅक्टर बंद झाल्यावर तो कांहीं वेळ फिरत राहतो, आणि धुरळ्यांत व भुसाच्या उफाळ्यांत तें दिसत नाहीं. बाहेरचें जड चाक पूर्ण थांबलें आहे, अशी डोळ्यांनीं खात्री करावी. मग दांड्याचा जोड सोडवावा, म्हणजे कोणी चुकून ट्रॅक्टर सुरू केला तरी यंत्रास गति मिळणार नाहीं. त्यानंतर वरचें झांकण उघडून बोळा बाहेर ओढावा. आंत दाबूं नये. ओढण्यास लांकडी काठी किंवा दांताळें घ्यावें. ढोल मोकळा झाला कीं जड चाक हातानें एक पुरा फेरा फिरवून पाहावें. खडखड झाली तर दांता वांकला आहे किंवा आंत दगड आहे. चाक कोठें घट्ट, कोठें सैल लागलें तर बेअरिंग पाहावें. बेअरिंगच्या घरास हात लावून चटका बसत असेल तर वंगण आटलें असें समजावें. इतकें शेतकऱ्यास स्वतः करतां येतें. बेअरिंग फुटलें असेल, किंवा ढोल एका बाजूस ओढत असेल, तर मात्र गांवठी उपायानें रात्र काढूं नये, मिस्त्रीस बोलवावें.

आमचें दुखणें पट्ट्याचें निघालें. तीन पट्ट्यांपैकीं एक तुटला होता, दुसऱ्याच्या कडा जळल्या होत्या, तिसरा धड दिसत होता. चालकाचें म्हणणें पडलें कीं उरलेल्या दोहोंवर काम भागवूं. आम्हांस तें पटलें नाहीं. तीन पट्ट्यांचें ओझें दोहोंवर आलें तर तेहि घसरतात, तापतात आणि तासाभरांत तुटतात. नवा एकच घातला तरी तो ताठ आणि जुने सैल, म्हणून सगळा भार नव्यावर पडतो. तिन्ही एकदम बदलणें महाग दिसतें, पण शेवटीं तेंच स्वस्त पडतें. पट्ट्याच्या पाठीवर एक अक्षर व एक आंकडा छापलेला असतो. अक्षरावरून रुंदी व आंकड्यावरून लांबीचे इंच कळतात. तुटलेल्या पट्ट्यावर तो झिजून गेला होता. तिसऱ्यावर पुसट दिसला म्हणून बरें. नाहींतर सोलापुरास धाडलेला माणूस पंधरा किलोमीटर जाऊन रिकाम्या हातानें परत आला असता. तरीहि आम्हीं तुटलेला तुकडा त्याच्याबरोबर दिला. दुकानदारास शब्दापेक्षां नमुना अधिक कळतो.

आमच्या लहानपणीं मेढीभोंवतीं बैलांची पात फिरे आणि वावडीवर उभें राहून उफणणी होई. तिफणीचा फण मोडला तर गांवचा सुतार-लोहार दिवस मावळण्यापूर्वीं तो जोडून देई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आरंभीं कडबा कापण्याचीं यंत्रें व मग लोखंडी नांगर काढिले, आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तो लोखंडी नांगरहि शेतकऱ्यानें लवकर पत्करला नाहीं. आजचें यंत्र पन्नास गड्यांचें काम करितें खरें. पण त्याचा प्राण पंधरा किलोमीटरांवरील दुकानांत टांगलेल्या पट्ट्यांत असतो, आणि दुकान रात्रीं बंद होतें.

माणूस जाऊन येईपर्यंत आम्ही हात जोडून बसलों नाहीं. प्रथम निघालेली रास ताडपत्रीखालीं गेली, कारण झालेलें धान्य आधीं वांचवावयाचें. मग वाळलीं कणसें व तळचीं दमट कणसें वेगळीं केलीं. वाळल्यांपैकीं कांहीं खळ्यावर पसरून, यंत्रापासून सोडविलेला ट्रॅक्टरच त्यांवरून गोल फिरविला. पातीच्या बैलांचें काम त्यानें केलें. दाणा थोडा फुटला व माती थोडी आली, पण चार पोत्यांची सोय झाली. गड्यास आम्हीं त्या सायंकाळीं यंत्राजवळ जाऊं दिलें नाहीं. तो पेंढ्या बांधीत होता. दिवेलागणीस पट्टे आले. ते बसवून, मधोमध अंगठ्यानें दाबून बोटभर लवतील इतके ताणले आणि रात्रीं दहापर्यंत वाळलेला माल संपविला. पाऊस चार थेंबांवर भागला. दमट कणसें दोन दिवसांनीं काढलीं.

आतां एक गोष्ट, जी आम्हांस त्या रात्रीं झोंप येऊं देईना. महसुलाच्या कचेरींत असतां अपघाताचीं प्रकरणें आमच्या हाताखालून गेलीं आहेत. २०२३ सालच्या निर्णयाप्रमाणें गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंतून एक हात किंवा एक पाय गेल्यास एक लाख व मृत्यु झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत करावा लागतो. परंतु हें साह्य ज्याचें नांव सातबाऱ्यावर आहे त्यास, व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीस आहे. यंत्राच्या तोंडाशीं उभा राहणारा बहुधा सातबाऱ्यावर नसतो. तो रोजानें आलेला असतो. त्याचा पाय गेला असता तर अर्जावर घालण्यास त्याच्याजवळ गट नंबरहि नव्हता. रान आमचें, घाई आमची, आणि पाय त्याचा.

मळणी आटोपली कीं कडबा कुट्टीचें यंत्र सुरू होतें. त्याविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तें विजेवर चालतें आणि वीज न सांगतां जाते, न सांगतां येते. पातीं थांबलीं म्हणून तोंडांतील कडबा ओढावयास हात घालावा, आणि त्याच वेळीं वीज परत यावी, असा हा खेळ आहे. चांगला स्टार्टर वीज गेली कीं आपोआप सुटतो. पण पुष्कळांनीं त्याचें बटण काडी खुपसून दाबून ठेवलेलें असतें, म्हणजे उठण्याचा त्रास नको. ती काडी आजच काढावी. मोटार नुसती घुमत असेल व फिरत नसेल, तर तीन तारांपैकीं एकीची वीज गेली असें समजावें व लागलीच बंद करावी. तशीच ठेवल्यास कांहीं मिनिटांत आंतील तार जळते. पट्टा हातानें ओढून ती फिरविण्याचा प्रयत्न करणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यांपैकीं एकाचीं दोन बोटें आज नाहींत.

पट्ट्यांचे पैसे कोणीं द्यावयाचे, यावर दुसऱ्या दिवशीं यंत्रमालकाशीं बोलाचाली झाली. त्याचें म्हणणें, दमट माल तुम्हीं घातला. आमचें म्हणणें, पट्टे जुने होते. दोन्ही खरें होतें, म्हणून निम्मेनिम केलें. या वर्षीं भाडें ठरवितांना साध्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या आहेत: पन्हळीस झांकण असावें, दांड्यावर आवरण असावें, बिघाड झाल्यास किल्ली खळ्याच्या मालकाच्या हातीं द्यावी, आणि पट्ट्यांचा एक जादा संच यंत्राबरोबर यावा. कागद पाहून तो हंसला, पण सही केली. त्यानें मागें सोडलेला तिसरा, धड पट्टा आमच्या ओसरींत खुंटीस टांगलेला आहे; त्याच्यावरचें अक्षर व आंकडा आम्हीं शेजारच्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेवला आहे.