एक पान द्या, चौसष्ट घ्या!

समजा, आपल्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. एक विद्यार्थी एक पान आणून देतो आणि म्हणतो, "सर, ही माझी चौसष्ट पाने. पाहून परत द्या." आपण ते पान गठ्ठ्यावर ठेवतो आणि त्याने किती दिली हे न पाहता वरची चौसष्ट पाने त्याच्या हातात देतो. त्याच्या एका पानाबरोबर इतरांची त्रेसष्ट पाने गेली! कोणताही शिक्षक असे करणार नाही. पण 2012 ते 2014 या काळात जगातील लाखो संगणक नेमके असेच वागत होते. फरक इतकाच, की संगणक मूळ पान न देता नक्कल देतो. म्हणून चोरी झाल्याचे कळतही नाही.

इंटरनेटवरून पासवर्डसारखी माहिती पाठवताना ती सांकेतिक रूपात जाते. हे काम करणाऱ्या 'ओपनएसएसएल' या प्रणालीत मार्च 2012 मध्ये एक सोय आली. एका संगणकाने दुसऱ्याला 'जागा आहेस ना?' असे विचारायचे. त्यासाठी थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायची, दुसऱ्याने तोच मजकूर परत करायचा. या सोयीचे नाव 'हार्टबीट', म्हणजे हृदयाचा ठोका.

लांबी लिहायला दोन बाइट, म्हणजे 16 बिट जागा होती. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या 2¹⁶ – 1, म्हणजे 65,535. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे प्रणाली तपासतच नसे. एकच अक्षर पाठवून '65,535' असे सांगितले, की स्मृतीत शेजारी असलेले जवळजवळ 64 किलोबाइट बाहेर येत. त्यात कुणाचा पासवर्ड असे, तर कधी सांकेतिक लिपीची गुप्त किल्लीही.

ही चूक गूगलमधील नील मेहता आणि फिनलंडची कोडेनॉमिकॉन ही कंपनी यांनी स्वतंत्रपणे शोधली. असे संशोधक प्रणालीची ओळ न् ओळ वाचतात, किंवा तिला मुद्दाम वेडेवाकडे संदेश देऊन ती कोठे चुकते ते पाहतात.

आता खरा पेच. चूक जाहीर केली तर चोरांनाही कळते. मग गप्प बसावे का? पण जी चूक दोघांना स्वतंत्रपणे सापडली, ती तिसऱ्याला सापडणार नाही कशावरून? म्हणून रीत अशी, की आधी प्रणालीच्या कर्त्यांना कळवायचे आणि दुरुस्ती तयार झाली की सर्वांना सांगायचे. त्याप्रमाणे 7 एप्रिल 2014 रोजी 'हार्टब्लीड' या नावाने चूक आणि दुरुस्ती एकत्रच जाहीर झाली. तरीही धोका उरलाच. जाहीर झाल्यावर काही दिवसांतच कॅनडाच्या करखात्यातून सुमारे 900 नागरिकांचे ओळखक्रमांक चोरीस गेले.

किल्ली खरोखर चोरता येते का, अशी शंका होती. क्लाउडफ्लेअर कंपनीने एक संगणक मुद्दाम सदोष ठेवून आव्हान दिले. एका दिवसाच्या आत किल्ली बाहेर आली! म्हणजे केवळ प्रणाली दुरुस्त करून भागणार नव्हते, किल्ल्या आणि पासवर्डही बदलणे भाग होते.

मूळ दुरुस्ती मात्र साधी होती: सांगितलेली लांबी आलेल्या मजकुरापेक्षा जास्त असेल तर उत्तरच द्यायचे नाही.

वर्गात हा प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांना गुणांची सरासरी काढणारा प्रोग्राम लिहायला सांगा. मग गुण म्हणून –5 द्या, 'अबक' द्या, विद्यार्थिसंख्या शून्य द्या. कोणाचा प्रोग्राम टिकतो, ते मुलांनाच एकमेकांचे तपासू द्या.