फटफटीचा सांभाळ

आमच्या भागातून गाणगापूरच्या किंवा तुळजापूरच्या यात्रेस पूर्वी बैलगाड्यांचा तांडा निघे, तेव्हा गाड्यांच्या आखाजवळ वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. वाटेत एखाद्या गाडीचा आरा मोडला किंवा चाकाची धाव सैल झाली, तर तांडा थांबे. ज्याच्याजवळ जे हत्यार असेल ते तो काढी, ज्याला जे ठाऊक असेल ते तो सांगे, आणि अडलेली गाडी मार्गी लागली की मगच सारे पुढे निघत. गाडी सुताराने घडविलेली असली, तरी ती यात्रा पुरी करी ती या सोबतीच्या बळावर.

आज त्याच वाटांवर मोटारसायकली धावतात. आळंद तालुक्यातील आमचे मादन हिप्परगा हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. येथून उमरगा, अक्कलकोट, सोलापूर ही नित्याच्या व्यवहाराची ठिकाणे, आणि गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर ही श्रद्धेची. शिक्षक, शेतकरी, दूधवाले, फिरते व्यापारी या सर्वांचे पाय म्हणजे फटफटी. त्यांतलीच काही मंडळी हौसेने लांबचे प्रवास करतात. चार-सहा गाड्या मिळून निघतात, मिळून थांबतात. या मंडळींचा जो अलिखित शिरस्ता आहे, त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. आमच्या मते मोटारसायकल कारखान्यात जन्म घेते खरी, परंतु ती जगते ती तिला जाणणाऱ्या माणसांच्या आपसांतील देवघेवीवर.

याचे उत्तम उदाहरण आमच्याच राज्यात आहे. म्हैसूर येथे इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभा राहिला, आणि १९६१ साली तेथून जावा मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. पुढे १९७० च्या दशकात हीच गाडी ‘येझदी’ या नावाने घरोघर पोहोचली. १९७८ साली ‘रोडकिंग’ आली. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. ज्या यंत्राचा निर्माताच उरला नाही, ते यंत्र पाच-दहा वर्षांत भंगारात जावे, हा सर्वसाधारण नियम होय. परंतु येझदी गेली नाही. बंगळूर, म्हैसूर, पुणे अशा ठिकाणी तिच्या चाहत्यांची मंडळे झाली. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी आपल्या गाड्या घेऊन एकत्र येतात व तो दिवस जावा-येझदी दिन म्हणून साजरा करतात. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले, पण या गाड्यांची यंत्ररचना अगदी निराळी आहे. जुन्या गाडीस तिचा उपयोग नाही. तिला आधार तिच्या माणसांचाच.

बुलेटची कथा याहूनही मौजेची. ती मूळची इंग्लंडमधील रेडिच गावची. १९५५ साली मद्रासेत तिची जुळणी सुरू झाली. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडातील उत्पादन थांबले, आणि मद्रासेतील शाखा मात्र चालू राहिली. माहेर ओस पडले, पण सासरी गेलेल्या लेकीने घराण्याचे नाव राखले, असाच हा प्रकार झाला. मुलखाबाहेर राहून आपली रीत सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांना यातील मर्म निराळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष सांभाळाकडे वळू. प्रत्येक यंत्राची काही गुपिते असतात. जुन्या येझदीची किक आणि गियर ही एकाच दांड्यावर असतात. गाडी सुरू झाली की तोच दांडा फिरवून गियरसाठी वापरावयाचा. तिच्या एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर असतात, आणि तिला पेट्रोलातच तेल मिसळून द्यावे लागते, लिटरमागे साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर. तेल विसरले तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकते. तेल अधिक झाले तर सायलेन्सरात काजळी धरते, गाडीची ओढ कमी होते, आणि चालकास वाटते की इंजिनच गेले. अशा वेळी जाणता माणूस इंजिनास हात लावत नाही. तो सायलेन्सरमधली नळी बाहेर ओढून काजळी खरवडून काढतो, आणि गाडी पुन्हा पूर्ववत पळू लागते. बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट असेल, तर तिचे टॅपेट इंजिन थंड असतानाच लावावे लागतात. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, हे त्याचे माप. ही वाक्ये छापील पुस्तिकेतही सापडतील. परंतु ‘सहज’ म्हणजे किती सहज, हे दाखविण्यास शेजारी जाणता माणूस बसावा लागतो. बोटांची ही भाषा बोटांनीच शिकवावी लागते.

आमच्या मुलखाचे हवामानही आपले स्वतंत्र धडे देते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा दाटतो की चाक फिरेनासे होते. म्हणून शेतवाटेने जाणारी मंडळी जवळ एक काठी किंवा लोखंडी पट्टी बाळगतात, आणि चिखल वाळण्याच्या आत काढतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो व वाऱ्यासवे बारीक धूळ उडते. ती हवेच्या फिल्टरमध्ये साचली की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि पेट्रोल अधिक जळते. तीच धूळ उघड्या साखळीवरील तेलात मिसळली की तिची पॉलिश कागदासारखी खरखरीत लुगदी होते. मग साखळी आणि दातेरी चाके दोन्ही झिजतात. जुन्या जावा-येझदीची साखळी पूर्णपणे पत्र्याच्या आवरणात असे, हे त्या रचनाकारांचे शहाणपणच म्हणावे लागेल. उघड्या साखळीच्या गाडीवर मात्र दर पाचशे किलोमीटरला साखळी पुसून नवे तेल द्यावे, आणि मधोमध सुमारे एक इंच ढील राखावी. साखळी ताणून बसविणे चांगले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ताणलेली साखळी बेअरिंग खाते. बाभळीच्या काट्याचे तर काय सांगावे! तारेच्या आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते, म्हणून प्रवासात एक ट्यूब, दोन टायर-लिव्हर, हातपंप आणि ठिगळाचे साहित्य हवेच.

तथापि या सर्वांहून मोलाचा असा एक नेम आमच्या मंडळींत आहे. मुक्कामावरून निघताना प्रत्येकाने आपली गाडी स्वतः पाहावी, आणि नंतर ती दुसऱ्याच्या हवाली करून त्याची आपण पाहावी. रोजच्या सवयीने आपल्या गाडीचा आवाज आपल्या कानांस पडेनासा होतो. परक्या कानास तो लगेच खटकतो. तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरकडे निघण्यापूर्वी एकदा आमच्यापैकी एका तरुण शिक्षकाची बुलेट दुसऱ्याने सहज न्याहाळली. मागच्या ब्रेकची प्लेट धरून ठेवणारी जी पट्टी असते, तिच्या नटाची कॉटर पिन गळून पडली होती आणि नट निम्मा सुटला होता. तो घाटात पडता, तर ब्रेक दाबताच प्लेट फिरून चाक जाम झाले असते. मागे त्यांची पत्नी बसली होती, आणि समोरून उसाने व सिमेंटाने लादलेल्या लॉऱ्या चढत होत्या. नट आवळून, पिनेच्या छिद्रातून बारीक तार ओवून तिला पीळ दिला. पाच मिनिटांचे काम. त्या दिवसापासून ही तपासणी कोणी हसण्यावारी नेली नाही.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनी १९६८ साली आपल्या मुलासह व मित्रांसह मोटारसायकलीवर दीर्घ प्रवास केला, आणि १९७४ साली त्यावर एक विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्या मित्राच्या किमती जर्मन गाडीचे हँडल सैल झाल्याचा प्रसंग आहे. लेखक सुचवितात की बिअरच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घालू. तो गंजत नाही आणि मऊही असतो. मित्राला आपल्या उंची गाडीत असला टाकाऊ पत्रा घालणे अपमानाचे वाटते. आमच्याकडील मिस्त्रीला हा प्रसंग सांगितला, तर त्याला त्या मित्राचेच नवल वाटेल! परंतु मर्म असे की त्या मित्राला गाडी हवी होती, तिची ओळख नको होती. ज्याला ओळख नको, तो गाडीचा धनी असूनही तिचा प्रवासीच राहतो.

मिस्त्रीचे स्थान यामुळे उणे होत नाही. शहाबादी फरशीवर पान्यांची पेटी मांडून बसलेला मिस्त्री ही आमच्या सीमाभागाची एक शाळाच आहे. गिऱ्हाईक मराठीत तक्रार सांगते, मिस्त्री दखनीत निदान करतो, आणि हाताखालच्या पोराला कन्नडमध्ये पाना मागतो. कोणाचेच काही अडत नाही. मात्र जुन्या मिस्त्रींत आपली युक्ती झाकून ठेवण्याची रीत होती. तेच त्यांच्या पोटाचे साधन होते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. परंतु त्यामुळे एकेक हात थांबला की त्याच्यासवे एकेक विद्याही थांबते. मंडळाची रीत याच्या उलट आहे. एकाला कळलेली युक्ती चौघांत सांगावयाची, आणि एकाकडे पडून असलेला सुटा भाग अडलेल्याला द्यावयाचा. विद्या झाकली की सरते आणि वाटली की वाढते, हे आम्ही वर्गात सांगतो. येथे ते प्रत्यक्ष दिसते.

मंडळींत दोषही आहेत, ते झाकू नयेत. सायलेन्सरची नळी काढून गावभर फटाके वाजवीत फिरणे म्हणजे गाडीवरील प्रेम नव्हे. रुग्ण, अर्भक आणि परीक्षार्थी यांचा तो छळ आहे. कित्येक जण ऐकीव सल्ला मापाविना देतात, आणि त्यापायी चांगले इंजिन बिघडते. काळही नवे प्रश्न घेऊन आला आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. कार्बोरेटर जाऊन इंधन-फवाऱ्याची यंत्रणा आली, आणि तिचा दोष हुडकण्यास पान्याऐवजी संगणकीय यंत्र लागते. पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या रबरी नळ्या व सील त्याने फुगतात. म्हणून जुनी गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर पेट्रोलची चावी बंद करून कार्बोरेटर रिकामा होईतो इंजिन चालू ठेवावे, आणि नळ्या वेळीच बदलाव्यात. हेही एकाला ठेच लागल्यावर दुसऱ्याने शिकण्यासारखे आहे.

आमची वाचकांस एकच विनंती आहे. घरात फटफटी असेल, तर तिच्यासाठी एक वही घालावी. कोणत्या तारखेस, किती किलोमीटरवर, कोणते काम झाले, कोणता भाग बदलला, किती पैसे पडले, आणि मिस्त्रीने जाताजाता काय सांगितले, ते तीत लिहावे. सुटीच्या दिवशी मुलाला आणि मुलीलाही शेजारी बसवून चाक काढून दाखवावे. पंक्चर काढता येणारी मुलगी रात्री रस्त्यात हतबल होत नाही. ज्यांनी जन्मभर गाड्या उघडल्या अशा वृद्ध मिस्त्रीजवळ एखादी सकाळ बसून त्यांचे बोल टिपून घ्यावेत, आणि ती वही मागणाऱ्यास संकोच न करता द्यावी. वंगणाचे नळकांडे गेले, तांडे गेले. पण वाटेत कोणी अडला तर थांबावे, हा यात्रेचा नेम आपल्या हाती आहे, आणि तो मोडावा असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही.