हवाई अंतर व प्रवासकाल

दोन विमानतळांमधील, पृथ्वीपृष्ठाला अनुसरून मोजलेल्या लघुतम मार्गाची लांबी म्हणजे त्यांमधील हवाई अंतर होय. निर्गमस्थानी विमान हलू लागल्यापासून गंतव्यस्थानी ते उभे राहीपर्यंतच्या कालावधीस प्रवासकाल म्हणतात. हवाई अंतर अक्षांश-रेखांशांवरून कायमचे ठरते. प्रवासकाल मात्र वारे, विमानाची क्षमता व राष्ट्रांचे परस्परसंबंध यांनुसार बदलतो.

गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलामुळे गोलपृष्ठावर जे वर्तुळ मिळते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. दोन बिंदूंमधून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताचा लहान कंस हाच त्यांमधील लघुतम मार्ग असतो. अशा कंसाचा १° म्हणजे सु. १११ किमी. होत. फिनलंडमधील हेलसिंकी व जपानमधील टोकिओचा नारिता या विमानतळांमधील कंस सु. ७०.४° असल्याने त्यांमधील अंतर सु. ७,८३० किमी. भरते. सपाट नकाशावर हा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो. प्रत्यक्षात तोच सर्वांत जवळचा असून सायबीरियावरून जातो. ताशी ९०० किमी. वेगाने तो कापण्यास पावणेनऊ तास लागतील. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, आरोहण व अवरोहण धरता प्रवासकाल साडेनऊ ते दहा तासांचा होतो.

विमानाचा वेग सभोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. जमिनीवरील अंतर कापण्याच्या वेगात वाऱ्याच्या वेगाची भर किंवा घट होते. मध्य अक्षांशांत सु. ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी २०० किमी.पेक्षाही वेगवान होतात. न्यूयॉर्क ते लंडन हे सु. ५,५४० किमी. अंतर फेब्रुवारी २०२० मध्ये एका बोइंग ७४७ विमानाने पाच तासांहून थोड्या कमी वेळात कापले. जमिनीच्या सापेक्ष त्याची सरासरी ताशी १,१०० किमी.हून अधिक होती. तथापि हवेच्या सापेक्ष ते ध्वनिवेगाच्या आतच होते. उलट दिशेने याच मार्गाला सात ते आठ तास लागतात.

राष्ट्राच्या भूमीवरील आकाशावर त्याचे सार्वभौमत्व असल्याने लघुतम मार्ग नेहमीच उपलब्ध नसतो. १९८३ मध्ये फिनएअर कंपनीने हेलसिंकी–टोकिओ विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएट हद्द टाळण्यासाठी विमाने उत्तर ध्रुव व बेरिंग सामुद्रधुनी यांवरून जात व सु. १३ तास घेत. पुढे सायबीरियावरील मार्ग खुला झाला. युक्रेन युद्धानंतर, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, रशियाने आपले आकाश यूरोपीय कंपन्यांस बंद केले आणि प्रवासकाल पुन्हा १३ तासांच्या आसपास गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस आपली हद्द बंद केल्यावर दिल्लीहून यूरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांनाही असाच वळसा पडला. वळशासाठी अधिक इंधन न्यावे लागते, त्या इंधनाचे वजन वाहण्यासाठीही इंधन जळते आणि तेवढा प्रवासी वा मालाचा भार कमी करावा लागतो. भाडेवाढीचे हे एक प्रमुख कारण होय.

वेळापत्रकातील निर्गम व आगमन या स्थानिक वेळा असतात. हिवाळ्यात टोकिओची वेळ हेलसिंकीच्या सात तास पुढे असते. त्यामुळे १३ तासांचा प्रवास घड्याळांवरून जाताना २०, तर परतताना ६ तासांचा भासतो. म्हणून दोन्ही वेळा प्रथम एकाच प्रमाणवेळेत आणून मगच वजाबाकी करावी लागते.