शेवग्याच्या पाल्याचे 'पट' कुठून आले?

हिमालयाच्या पायथ्याच्या रानांतून देशभर पसरलेल्या शेवग्याचा पाला आता भुकटी होऊन डब्यातून विकला जातो. जाहिरातीत आकडे असतात: संत्र्याच्या ७ पट क जीवनसत्त्व, दुधाच्या १७ पट कॅल्शियम, पालकाच्या २५ पट लोह. यातला पहिला आकडा ताज्या पाल्याचा, उरलेले दोन वाळवलेल्या पाल्याचे. ज्या कोष्टकावरून हे 'पट' काढले गेले, त्यातच १०० ग्रॅम ताज्या पाल्यात २२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे आणि भुकटीत अवघं १७. वाळवताना ते नासतं. म्हणजे भुकटी विकताना संत्र्याचं नाव घ्यायला आधारच नाही. दुधाशी तुलनाही अशीच फसवी. १०० ग्रॅम भुकटीत सुमारे २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे खरं, पण १०० ग्रॅम भुकटी खातं कोण? ५ ग्रॅमच्या चमच्यातून १०० मिलिग्रॅम मिळेल, २०० मिलिलिटर दुधातून २४० च्या आसपास. लोहाचं तर आणखी वेगळं: वनस्पतींतलं लोह शरीर थोडंच शोषतं.

यावर कोणी म्हणेल, आकडे फुगवलेले असले तरी त्या निमित्ताने लोक पाला खाऊ लागले, तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की रक्तक्षय झालेली बाई चमचाभर भुकटीवर भिस्त ठेवून लोहाच्या गोळ्या सोडते, मधुमेही माणूस औषध टाळतो, आणि परसातला फुकटचा पाला तसाच झडून जातो. खरं तर त्या ताज्या पाल्याला फुगवलेल्या आकड्यांची गरजच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आणि ६ ग्रॅमहून जास्त प्रथिनं आहेत. पालेभाजीसाठी हे फार मोठं प्रमाण आहे. शिवाय भाजी वाटीभर खाल्ली जाते. गोकुळाष्टमीला मालवणी घरांत आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर हीच भाजी असते. पाला फार न शिजवता वरून लिंबू पिळलं, तर त्यातलं लोहही अधिक अंगी लागतं.

'शेवग्याचं सगळंच झाड खाण्याजोगं' हा समज मात्र धोक्याचा आहे. पाला, फुलं, शेंगा खुशाल खाव्यात. मुळाची साल खाऊ नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही.