आपण टीव्ही बघतो, टीव्ही काय बघतो? स्मार्ट टीव्हीतल्या ‘एसीआर’ची गोष्ट

दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये टीव्हीच्या किमती बघितल्या की एक प्रश्न पडायला हवा, पण सहसा पडत नाही. तेल, डाळ, गॅस, शाळेची फी, सगळंच महाग होत असताना टीव्ही मात्र स्वस्त कसा होत गेला? दहा-बारा वर्षांपूर्वी जेवढ्या पैशांत ३२ इंची साधा एलईडी यायचा, साधारण तेवढ्यातच आज ४३ इंची फोर-के टीव्ही घरी येतो. वर नेटफ्लिक्स, यूट्यूब, आवाजावर चालणारा रिमोट, सगळं आत.

याचं अर्धं उत्तर सरळ आहे. चीनमध्ये पॅनल बनवणारे प्रचंड कारखाने उभे राहिले आणि काच स्वस्त झाली. उरलेलं अर्धं उत्तर टीव्हीच्या खोक्यावर कुठेही छापलेलं नसतं. टीव्ही विकून झाल्यावरही कंपनीची त्यातून कमाई सुरूच राहते.

व्हिझिओ ही टीव्ही विकणारी अमेरिकी कंपनी. भारतात हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण अमेरिकेत घराघरांत आहे. २०२१ मध्ये ती शेअर बाजारात उतरली, त्यामुळे हिशेब जाहीर करणं भाग पडलं. त्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत टीव्ही आणि साउंडबार विकून झालेला ढोबळ नफा होता सुमारे अडीच कोटी डॉलर. जाहिराती आणि प्रेक्षकांचा डेटा सांभाळणाऱ्या विभागाचा नफा मात्र पावणेसहा कोटींच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. पुढे वॉलमार्टने ही कंपनी २३० कोटी डॉलरना विकत घेतली. वॉलमार्टला टीव्ही विकायला नवी कंपनी लागत नव्हती, दुकानं तर त्यांची आधीच हजारो आहेत. त्यांना हवा होता तो जाहिरातींचा धंदा.

पडद्यावर काय चाललंय हे कंपनीला कसं कळतं?

या तंत्राचं नाव ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’, थोडक्यात एसीआर. हॉटेलात वाजणारं गाणं ओळखून देणारं शझाम ॲप आठवा. ते काही सेकंदांचा आवाज ऐकतं, त्याचा एक छोटा ठसा बनवतं आणि लाखो गाण्यांच्या ठशांशी जुळवून नाव सांगतं. एसीआर हेच काम टीव्हीच्या पडद्यावर करतं. पडद्यावरच्या चित्राचे, काही ठिकाणी आवाजाचेही, बारीक नमुने घेतले जातात, त्यांचा ठसा तयार होतो आणि तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखायला त्याचा पूर्ण फोटो लागत नाही, तसंच हे. ठसा जुळला की सर्व्हरला कळतं: या घरात आत्ता अमुक चॅनेलवर अमुक मालिका चालू आहे, मध्ये साबणाची जाहिरात लागली आणि तेवढ्यात चॅनेल बदललं.

हे किती वेळा होतं? लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं डेव्हिस केंद्र आणि माद्रिदचं कार्लोस तिसरा विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही घेऊन त्यांनी त्यातून बाहेर जाणारा इंटरनेटचा प्रवाह तपासला. त्यांच्या मांडणीनुसार एलजीचा टीव्ही दर १० मिलिसेकंदांनी नमुना घेतो आणि सॅमसंगचा दर ५०० मिलिसेकंदांनी. हे ठसे साठवून एलजी साधारण दर १५ सेकंदांनी आणि सॅमसंग दर मिनिटाला सर्व्हरशी बोलतो.

त्याच अभ्यासातली खरी चमकवणारी गोष्ट वेगळीच आहे. टीव्हीला एचडीएमआय केबलने दुसरं काही जोडून तो नुसता पडदा म्हणून वापरला, तरीही एसीआर चालूच होतं. म्हणजे सेट टॉप बॉक्स, लॅपटॉप, मुलांचं गेमिंग कन्सोल. ‘आम्ही टीव्हीतली ॲप्स वापरतच नाही, फक्त केबल बघतो’ असं म्हणणाऱ्यांनाही हे लागू होतं, टीव्ही वायफायला जोडलेला असला म्हणजे झालं. उलट नेटफ्लिक्ससारख्या बाहेरच्या ॲपमधून काही बघताना संशोधकांना एसीआरची हालचाल दिसली नाही. अर्थात तिथे तुम्ही काय बघता हे नेटफ्लिक्सला माहीत असतंच. अभ्यास ब्रिटन आणि अमेरिकेत झाला आणि दोन्ही देशांत टीव्हीचं वागणं अगदी सारखं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टीव्हीवर कॅमेरा आहे आणि त्यातून कुणी दिवाणखान्यात डोकावतंय, असं एसीआरमध्ये काही नसतं. ते पडद्याकडे बघतं, माणसांकडे नाही. आवाजाचा मुद्दा वेगळा. २०१५ मध्ये सॅमसंगच्या गोपनीयता धोरणातलं एक वाक्य जगभर गाजलं होतं. आवाजाने टीव्ही चालवताना तुमच्या बोलण्यात खासगी माहिती असेल तर तीही टिपली जाऊन दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकते, असा त्याचा अर्थ होता. टीकेनंतर कंपनीने शब्द बदलले.

यात वाईट काय? टीआरपीसुद्धा असाच मोजतात ना?

हा प्रश्न रास्त आहे. भारतात कोण काय बघतं हे ‘बार्क’ ही संस्था मोजते. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत तिची यंत्रं बसवलेली आहेत. चॅनेलच्या आवाजात मिसळलेली, कानाला ऐकू न येणारी खूण ते यंत्र ओळखतं. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला, तेव्हा या यंत्रांची बरीच चर्चा झाली होती.

फरक असा की बार्कच्या घरातल्या माणसांना आपल्याकडे यंत्र आहे हे माहीत असतं. त्यांना विचारूनच ते बसवलेलं असतं. शिवाय घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण असतं आणि बघायला बसताना ते दाबायचं असतं. स्मार्ट टीव्हीच्या बाबतीत नेमकं हे विचारणंच गळून पडलेलं आहे.

पुन्हा व्हिझिओचं उदाहरण घ्या, कारण त्या प्रकरणाची कागदपत्रं सरकारी आहेत. २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यू जर्सी राज्याने या कंपनीवर कारवाई केली. २०१४ पासून कंपनीच्या टीव्हींमधून प्रेक्षक काय बघतात ही माहिती सेकंदा-सेकंदाला गोळा होत होती. असे टीव्ही होते १ कोटी १० लाख. काही जुन्या टीव्हींमध्ये तर विकल्यानंतर अपडेट पाठवून ही सोय घुसवण्यात आली. सेटिंगमध्ये तिचं नाव होतं ‘स्मार्ट इंटरॲक्टिव्हिटी’ आणि खाली लिहिलं होतं की यामुळे कार्यक्रमांच्या ऑफर आणि सूचना मिळतील. या नावावरून कुणाला काय कळणार?

पुढचा भाग जास्त गंभीर आहे. तक्रारीनुसार ही माहिती घराच्या आयपी ॲड्रेससह इतर कंपन्यांना दिली जात होती. आयपी ॲड्रेस म्हणजे घरातल्या इंटरनेट जोडणीचा पत्ता. तो हाती आला की त्या घराशी लिंग, वय, उत्पन्न, लग्न झालंय की नाही, शिक्षण, घर स्वतःचं आहे का, अशी इतर ठिकाणची माहिती जोडता येते. त्याच वायफायवरच्या फोनपर्यंत जाहिरात पोहोचवता येते. टीव्हीवर कारची जाहिरात बघितली आणि दुसऱ्या दिवशी फोनवर तीच कार दिसू लागली, तर ‘फोन आपलं बोलणं ऐकतो’ असा संशय अनेकांना येतो. ऐकण्याची गरजच नसते, हे त्याचं उत्तर. व्हिझिओने २२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं आणि जुना डेटा पुसून टाकायचं मान्य केलं. १ कोटी १० लाख टीव्हींच्या मानाने ही रक्कम टीव्हीमागे २० सेंटच होते.

टीव्हीवर काय बघितलं यात लपवण्यासारखं काय, असंही कुणी म्हणेल. याबाबत अमेरिकेत एक जुना किस्सा आहे. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं गेलं. वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने त्यांच्या घरच्यांनी व्हिडिओ लायब्ररीतून नेलेल्या कॅसेटची यादीच मिळवून छापली. यादीत आक्षेपार्ह काहीच नव्हतं. तरी सगळ्या पक्षांचे खासदार हादरले, कारण उद्या आपली यादी छापली तर? पुढच्याच वर्षी भाड्याच्या कॅसेटची माहिती परस्पर देण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. त्या यादीत दीडशेच्या आतबाहेर सिनेमे होते. आजचा टीव्ही तेवढी माहिती काही आठवड्यांतच गोळा करतो. त्यात कीर्तन, निवडणुकीच्या बातम्या, मधुमेहावरचे कार्यक्रम, रात्री उशिरा एकट्याने बघितलेलं काहीही असू शकतं.

आपण ‘हो’ म्हटलंच कधी?

बहुतेक घरांत हे ‘हो’ घरातलं कुणी म्हणतच नाही. टीव्ही आला की कंपनीचा माणूस येतो, भिंतीला ड्रिल मारतो, वायफायचा पासवर्ड विचारतो. पडद्यावर इंग्रजीत अटींची चार-पाच पानं येतात. त्याला पुढे अजून दोन घरं करायची असतात. तो रिमोटने भराभर ‘आय ॲग्री टू ऑल’ दाबून मोकळा होतो आणि यूट्यूब लावून दाखवतो. चूक त्याची नाही. सगळ्याला होकार देण्याचं बटण ठळक असतं आणि एकेक अट नाकारायला आत-आत जावं लागतं, ही रचनाच तशी आहे.

भारतातही या डेटाचा बाजार आहे. सॅमसंगचा जाहिरात विभाग एसीआरवर आधारित सेवा इथल्या जाहिरातदारांना देतो आणि त्यात लपवाछपवी नाही. प्रश्न कायद्याचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक अशी ‘संवेदनशील’ माहितीची यादी आहे. तुम्ही काय बघता, हे त्यात नाही.

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ मध्ये लागू होणार. त्यातल्या दोन गोष्टी टीव्हीवाल्यांना अवघड जाणार आहेत. पहिली, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. दुसरी, १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. आता फोन एका माणसाचा असतो, पण टीव्ही अख्ख्या घराचा. संध्याकाळी सहाला समोर आजी आहे की सातवीतला नातू, हे पडद्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राला कसं कळणार? कायद्यात याचं सोपं उत्तर नाही. दंड मात्र २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

अमेरिकेतही वाद मिटलेला नाही. टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनी डिसेंबर २०२५ मध्ये सॅमसंग, एलजी, सोनी, हायसेन्स आणि टीसीएल या पाच कंपन्यांवर एसीआरबद्दल खटले भरले. खटले भरले तेव्हा ते आरोपच होते.

बंद कसं करायचं?

चांगली बातमी ही की २०२४ च्या अभ्यासात सेटिंगमधून नकार दिल्यावर एसीआरचा प्रवाह खरोखर थांबलेला आढळला. हे लिहावं लागतं, कारण नेहमीच असं नव्हतं. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका ब्लॉगरच्या लक्षात आलं होतं की त्याच्या एलजी टीव्हीत माहिती गोळा करणं बंद केलं तरी ती जातच होती. पेन ड्राइव्हमधल्या फाइलींची नावंसुद्धा. कंपनीने ते मान्य करून दुरुस्ती केली.

अडचण आहे ती नावांची. कुठल्याच टीव्हीत ‘पाळत बंद करा’ असं बटण नसतं. सॅमसंगमध्ये गोपनीयतेच्या मेन्यूत ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ शोधा. एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ असतं, शिवाय ‘यूजर ॲग्रीमेंट्स’मध्ये बघण्याच्या माहितीचा वेगळा करार असतो, तो काढून टाकायचा. सोनीच्या काही टीव्हींत हे काम ‘साम्बा’ नावाची सेवा करते. गुगल टीव्हीवर जाहिरातीचा आयडी पुसता येतो आणि ‘ॲप्स ओन्ली’ प्रकार निवडला की होम स्क्रीनवरची शिफारशींची गर्दीही बरीच कमी होते. मॉडेलनुसार मेन्यू बदलतो, त्यामुळे दहा मिनिटं बसून शोधाशोध करायची तयारी हवी.

टीव्हीला वायफायच न देणं हा सगळ्यात पक्का उपाय. मग ॲप्ससाठी वेगळी स्टिक लावावी लागते. पण प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये रोकूवरच्या ६९ टक्के आणि ॲमेझॉन फायर टीव्हीवरच्या ८९ टक्के चॅनेलमध्ये माग काढणारे ट्रॅकर सापडले होते. म्हणजे पाहारेकरी बदलतो, पहारा राहतोच. तरी केबल आणि पेन ड्राइव्हपुरता टीव्ही वापरणाऱ्या घरांना वायफायची गरजच नाही, त्यांनी ते खुशाल काढून टाकावं.

मोठं अपडेट आल्यावर पुन्हा अटींचं पान आलं, तर सवयीने ‘ओके’ दाबण्याआधी थांबून ही सेटिंग परत तपासा. आणि जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये देताना फॅक्टरी रीसेट करायला विसरू नका. त्यात तुमचं गुगल खातं, वायफायचा पासवर्ड आणि यूट्यूबवरचा सगळा इतिहास तसाच पडलेला असतो.